स्तनाचा कर्करोग आणि रक्ततपासणीचा दिलासा

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले की ‘सीए १५-३’ ही रक्ततपासणी वरचेवर करून घ्यावी, असे अनेकांना वाटते. आजार परतलाच तर लवकर कळेल, ही आशा अगदी स्वाभाविक आहे. पण लवकर कळणे म्हणजे जास्त जगणे नव्हे. इटलीतल्या १,३२० स्त्रियांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाच्या हाडांचे स्कॅन, सोनोग्राफी, रक्ततपासण्या ठरावीक काळाने केल्या. तरी त्या गटाचे आयुष्य वाढले नाही. शिवाय सीए १५-३चे प्रमाण यकृताच्या विकारातही वाढते, आणि मग स्कॅनमागून स्कॅन, खर्च आणि झोप उडवणारी भीती मागे लागते.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. आता रक्तात गाठीच्या डीएनएचे तुकडे सापडतात. खरे आहे, ही चाचणी स्कॅनच्या कित्येक महिने आधी इशारा देऊ शकते. पण ब्रिटनमधल्या ‘सी-ट्रॅक टीएन’ अभ्यासात असा इशारा मिळून उपचारगटात आलेल्या ३२ जणींपैकी २३ जणींचा आजार तेव्हाच पसरलेला आढळला. इशाऱ्यानंतरचे औषध आयुष्य वाढवते हे सिद्ध होईपर्यंत या चाचणीची जागा संशोधनातच आहे. वर्षातून एकदा मॅमोग्राफी मात्र चुकवू नये. नवी गाठ, न थांबणारी हाडदुखी किंवा धाप जाणवली, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. तेव्हा त्यांनी सांगितलेली रक्ततपासणी जरूर करावी.