छायाचित्राचा आकार

(गुहागर येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



नोकरभरतीचे, शिष्यवृत्तीचे व प्रवेशाचे अर्ज आता बहुतांशी संगणकावरच भरावे लागतात. रत्नागिरीची खेप वाचते हे खरे. परंतु छायाचित्राचा आकार योग्य नाही, एवढ्याच कारणास्तव अर्ज अडतो, आणि तोही पुष्कळदा अखेरच्या दिवशी. म्हणून या आकाराचाच आज विचार करू.

हा एक शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना लावतो, घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. डिजिटल छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. आडवे आणि उभे पिक्सेल किती, हा पहिला आकार. कागदावर ते किती सेंटिमीटर छापावयाचे, हा दुसरा. आणि फाइल किती केबीची, हा तिसरा. अर्ज अडतो तिसऱ्यापाशी आणि आपण झटत बसतो पहिल्याशी.

उदाहरण घेऊ. मोबाइलवर काढलेले उभे छायाचित्र ३००० गुणिले ४००० पिक्सेलचे, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचे आहे. अर्जासाठी ३.५ गुणिले ४.५ सेंटिमीटरचे हवे. इंचाला ३०० ठिपके धरले, तर ४१३ गुणिले ५३१ पुरतात. मात्र दोहोंचे प्रमाण एक नाही. तसेच दामटून बसविले, तर चेहरा ओढल्यासारखा दिसतो. म्हणून आधी कात्रण, मग आकार.

गिंप या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये कात्रण झाल्यावर ‘इमेज’ या यादीतील ‘स्केल इमेज’ उघडावे. रुंदी व उंची यांमधील साखळीचे चिन्ह जोडलेले ठेवावे, म्हणजे रुंदी भरताच उंची आपोआप येते. नंतर ‘एक्स्पोर्ट ॲज’ने जेपीईजी फाइल करताना ‘क्वालिटी’चा आकडा थोडा थोडा उतरवावा. केबी येथे कमी होतात. नव्या फाइलला निराळे नाव द्यावे.

निराळे नाव कशासाठी? वरच्या उदाहरणात पन्नासाहून अधिक ठिपक्यांच्या जागी एकच उरतो. लहान केलेले चित्र पुन्हा मोठे करता येते, पण गेलेला तपशील परत येत नाही. शेजारचे रंग पाहून सॉफ्टवेअर मधली जागा अंदाजाने भरते. मूळ फाइलवरच लहान चित्र जतन झाले आणि दुसरी प्रत नसली, की मूळ गेले.

कोकणात याचा चटका घरोघरी बसतो. आजोबा निवर्तल्यावर मुंबईतील मंडळी लग्नातल्या समूहचित्रातून त्यांचा चेहरा कापून आठ इंच रुंद तसबीर करावयास देतात. मोबाइलच्या संदेशातून आलेली ती प्रत वाटेतच लहान झालेली असते. चेहऱ्याच्या वाट्याला २०० पिक्सेल आले, तर इंचाला अवघे २५ ठिपके पडतात. मग तसबिरीत आजोबांऐवजी चौकोनच दिसतात. अशा वेळी छायाचित्रकाराला बोल लावण्यापूर्वी गावातल्या ज्या मोबाइलने चित्र काढले, त्यातील मूळ फाइल मागवावी. संदेशातूनच पाठवावयाची, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. तशी ती लहान होत नाही.

गुणपत्रिकेच्या बाबतीत थोडी अधिक सावधगिरी हवी. चेहरा ४१३ पिक्सेलांत ओळखू येतो, संपूर्ण पानावरील बारीक अक्षरे मात्र तेवढ्यात पुसट होतात. तेव्हा रुंदी फारशी न उतरवता प्रथम पानाभोवतीचे टेबल, चटई वगैरे कापून टाकावे, रंगाची आवश्यकता नसल्यास चित्र करड्या छटांत करावे आणि अर्ज धाडण्यापूर्वी तयार फाइल उघडून आसनक्रमांक स्वतः वाचून पाहावा.