विश्वासाचा परवाना



राज्याची गुपिते ज्याच्या हाती सोपवावयाची, त्याचे पूर्वचरित्र पाहिले पाहिजे, याविषयी दुमत नाही. ते तोलावयाचे कसे, हा खरा प्रश्न. अमेरिकेत अशा माणसास ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’, म्हणजे गुप्त माहिती हाताळण्याचा परवाना, लागतो. या परवान्याचे सर्वांत गाजलेले प्रकरण रॉबर्ट ओपनहायमर यांचे.

अणुबाँबच्या कामावर असता 1942-43 च्या हिवाळ्यात हाकॉन शेव्हालिए या मित्राने त्यांच्या कानी घातले, की रशियाला शास्त्रीय माहिती पोचविण्याची एक वाट आहे. ओपनहायमरांनी साफ नकार दिला. येथवर त्यांच्याकडे बोट दाखविण्याजोगे काही नव्हते. परंतु ही गोष्ट त्यांनी कित्येक महिने दडविली. आणि ऑगस्ट 1943 मध्ये सुरक्षा अधिकाऱ्यास सांगितली, तीही तिघांना गाठल्याची बनावट कथा रचून व मित्राचे नाव झाकून.

ही थाप अकरा वर्षांनी त्यांच्यासमोर उभी राहिली. 1954 च्या चौकशीत ती खोटी असल्याचे त्यांना कबूल करावे लागले. मंडळाने त्यांना निष्ठावंत नागरिक ठरविले, पण दोन विरुद्ध एक मतांनी परवाना परत न देण्याची शिफारस केली. 29 जून 1954 रोजी अणुशक्ती आयोगाने चार विरुद्ध एक मतांनी तो नाकारला. कम्युनिस्टांशी असलेले संबंध हे एक कारण. दुसरे स्वभावातील दोष, आणि त्यांत या थापेस मोठे स्थान होते. निष्ठा शाबूत राहिली, विश्वास मात्र गेला!

पण तोलणाऱ्याचा काटा तरी सरळ होता काय? सरकारी वकिलास जी गुप्त कागदपत्रे खुली होती, ती ओपनहायमरांच्या वकिलांस पाहावयास मिळाली नाहीत. ही चौकशी सदोष होती असे सांगून अमेरिकेच्या ऊर्जामंत्र्यांनी 16 डिसेंबर 2022 रोजी तो निर्णय रद्द केला. ओपनहायमर 1967 सालीच वारले होते.

2017 पासूनच्या अमेरिकन नियमांतही अर्जात जाणूनबुजून केलेली लपवाछपवी गंभीर मानली आहे. मात्र कोणी जाब विचारण्यापूर्वीच चूक आपण होऊन तत्परतेने सुधारली, दोष क्षुल्लक वा फार जुना असला, तर त्याचा विचार व्हावा, आणि एका डागावरून नव्हे तर सबंध माणसावरून निर्णय घ्यावा, असे ते नियम सांगतात.

हा प्रश्न परका नव्हे. पोलीस वा अन्य सरकारी नोकरीच्या उमेदवाराने जुना खटला लपविल्यास काय करावे, याचा विचार आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये केला. माहिती खरीच दिली पाहिजे. परंतु तरुणपणी दिलेल्या घोषणांसारखी क्षुल्लक बाब दडविली गेली, तर ती माफ करण्याची मुभा नेमणूक करणाऱ्यास आहे, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणून अर्ज भरणाऱ्या तरुणांस आम्ही एवढेच सांगू : घडलेले पुसता येत नाही, सांगता मात्र येते. आणि पडताळणी करणाऱ्यांस आमची विनंती, की सत्य मागणाऱ्याने न्यायही दिला पाहिजे.