संकेतस्थळाची विद्या



१९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन याच फैजपुरात झाले. त्याची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावातल्याच साध्या साधनांनी केली होती. महाविद्यालयात संकेतस्थळे बांधण्याची विद्या शिकणाऱ्या आपल्या तरुणांनी हा धडा ध्यानी धरावा.

ही विद्या मुळात साधी आहे. टिम बर्नर्स-ली यांचे १९९१ चे पहिले संकेतस्थळ म्हणजे निव्वळ मजकूर आणि दुवे. आजही एचटीएमएल मजकुराची मांडणी करते, सीएसएस त्याला रूप देते, जावास्क्रिप्ट त्यात हालचाल आणते. तयार साचा उचलून परीक्षा पार पडेल. परंतु तो बिघडला म्हणजे दुरुस्त कोण करणार?

आणि हे सारे करावयाचे कोणासाठी? आपल्या सभोवार केळीच्या बागा आहेत. भाव पाहू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती लहानसा फोन असतो. जड चित्रांनी लादलेले पान शिवारात उघडता उघडत नाही. युनिकोडमुळे मराठी अक्षर आता कोठेही उमटते; मग इंग्रजीचा अट्टाहास कशाला? विद्यार्थ्याने मराठीत, चटकन उघडणारे एक पान करावे आणि ते घेऊन बांधावर जावे. शेतकऱ्याला ते न विचारता वापरता आले, तर विद्या अंगी लागली असे खुशाल समजावे.