अध्यक्षीय भाषण : निळ्या रेषेच्या आत आणि बाहेर

चंद्रपूरच्या पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट. शहर ओलांडले की झरपट इरईला मिळते आणि इरई पुढे वर्धेला. वर्धा दुथडी भरली की इरईच्या पाण्याला वाट उरत नाही. ते मागे फिरते आणि पठाणपुरा, बिनबा गेट, रहमतनगर, सिस्टर कॉलनी या भागांत शिरते. त्याच वेळी वर इरई धरणाचे दरवाजे उघडले, तर शहरात पावसाचा थेंब नसतानाही घरातले धान्य माळ्यावर चढवावे लागते. जुलै 2022 मध्ये शहराने हेच भोगले.

गोंड राजांच्या परकोटाने नदीला गावाबाहेर ठेवले होते. नंतर गावच परकोट ओलांडून पात्रात उतरले. त्यावर शासनाचा उपाय म्हणजे पूररेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मधे अटी घालून. शास्त्र म्हणून यात खोट काढण्यासारखे काही नाही. खोट आहे ती रेषा कोणाला लागू होते यात. रहिवाशाच्या दोन खोल्यांना ती लागू होते. इरईकाठी उभ्या असलेल्या कोळसा खाणींच्या ओव्हरबर्डनच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या ढिगाऱ्यांना मात्र कोणी नोटीस चिकटवत नाही. पावसाळ्यात त्या ढिगाऱ्यांची माती पात्रात उतरते, पात्र उथळ होते आणि पाणी पसरते. मग खोलीकरणाची मागणी होते, यंत्रे येतात, गाळ निघतो आणि ढिगारा जागच्या जागी राहतो. असे खोलीकरण म्हणजे खाणीची हमाली, तीही सार्वजनिक पैशाने.

म्हणून पूररेषेवर हरकती घेणाऱ्या रहिवाशांना ‘विकासविरोधी’ म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे. पण हरकतींच्या गठ्ठ्यातही एक लबाडी दडलेली असते, आणि टाळ्यांची पर्वा न करता याच व्यासपीठावरून ती सांगितली पाहिजे. ‘रेषा सरकवा’ अशी मागणी करणाऱ्या प्रत्येकाला पुराची काळजी असते असे नाही. काहींना प्लॉट मोकळा करून हवा असतो. नकाशावर रेषा सरकली तरी पाणी पूर्वीच्याच उंबरठ्यावर येते आणि तिथे तोवर नवा भाडेकरू राहायला आलेला असतो. नदीकाठी संरक्षक भिंत बांधण्याच्या मागणीलाही हाच प्रश्न विचारायला हवा. भिंतीने अडवलेले पाणी समोरच्या काठावर कोणाच्या शेतात जाणार?

महानगरपालिकेची हद्द संपते तिथे पूर संपत नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि वैनगंगेने ब्रह्मपुरी तालुक्यातल्या लाडजसारख्या गावांना वेढले. रोवणी होऊन गेली होती. पाणी ओसरल्यावर बांधीत धानाऐवजी गाळ होता. पंचनाम्यात त्याची नोंद ‘नैसर्गिक आपत्ती’ अशी होते. दरवाजा माणूस उघडतो, हे त्या छापील नमुन्यात लिहायला जागाच नाही. विसर्ग किती, केव्हा, आणि आपल्या गावात पाणी किती तासांनी पोहोचेल, एवढी माहिती भोंग्यावरून गोंडी, माडिया, मराठी आणि तेलुगूत देणे ही कोणत्याही भिंतीपेक्षा स्वस्त योजना आहे. बहुधा स्वस्त आहे म्हणूनच ती मागे पडते. तिच्यात ठेकेदाराला काम नाही.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटा थोपते, पूल बुडतो आणि तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो. तिथे नवा उंच पूल हवाच, पण पुलाने बाजारपेठेत शिरणारे पाणी कमी होणार नाही.

सिरोंचाची गोष्ट तर राज्याच्याही हाताबाहेरची. गोदावरीवर तेलंगणाने बांधलेल्या मेडीगड्डा बॅरेजचे 2019 मध्ये उद्घाटन झाले. दरवाजे 85. तेव्हापासून अलीकडच्या काठावरचे शेतकरी बुडालेल्या आणि खरडून गेलेल्या जमिनीचा मोबदला मागत आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये बॅरेजचे खांबच खचले. नुकसान सिरोंचात, दरवाजांची कळ तेलंगणात आणि करार दोन सरकारांमधला. त्या करारावर हरकत नोंदवायला सिरोंचाच्या शेतकऱ्याला कोणतीही खिडकी ठेवलेली नाही. ती उघडून घेणे हे मुंबईचे काम आहे.