कमाई वाढली, तर नुकसान का?



समजा, तुमच्या शेजारची एक ताई.
घरी शिवणकाम करते.
‘लाडकी बहीण’ योजनेतून तिला महिन्याला 1,500 रुपये मिळतात.
योजनेची एक अट अशी...
कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं.

दिवाळीआधी ब्लाउजांचं जादा काम आलं.
उत्पन्न मर्यादेपलीकडे गेलं, जेमतेम 2,000 रुपयांनी.
आणि वर्षाचे 18,000 रुपये हातचे गेले!

शिलाई मशीनवरचा पाय थबकतो...
काम घ्यावं, की नको म्हणावं?

श्रोतेहो, कष्ट वाढले म्हणून नुकसान होता कामा नये.

याला मार्ग आहे.
ब्रिटनमधली ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ही मदत पाहा.
तिथे कमाई वाढली, की मदत हळूहळू कमी होते.
काहींना सुरुवातीच्या कमाईवर सूट असते.
त्यापुढे, कर भरून हाती आलेल्या दर पौंडामागे 55 पेन्सची मदत घटते.
म्हणजे 45 पेन्सचा फायदा उरतोच.

आपल्याकडेही मदत अशीच पायरीपायरीने उतरावी.
एका फटक्यात तुटू नये.

पुन्हा सांगते...
कष्ट वाढले म्हणून नुकसान होता कामा नये.