हिशेबाची वही आणि नऊ दिवसांचा दक्षिण

(1984 च्या दहावीच्या तुकडीतर्फे माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मला सांगितलंय की आमच्या तुकडीने फेब्रुवारीत जी दक्षिणेची सहल केली तिचा वृत्तांत वीस मिनिटांत द्यायचा. खरं म्हणजे हे काम आमच्या वर्गातल्या मराठीच्या बाईंनी करायला हवं होतं. पण त्या म्हणाल्या, पैसे तुझ्याकडे होते, तूच बोल. मी आयुष्यभर बँकेत कॅशियर. तेव्हा ऐकताना अधूनमधून आकडे येतील, ते सहन करा.

आम्ही सतरा जण. अकरा पुरुष, सहा बायका, सगळे छप्पन्नच्या आसपास. सोलापूरहून कोइंबतूर एक्स्प्रेस. मुंबई-पुण्याचे आधीच गाडीत होते, आम्ही सकाळी चढलो. पहिल्या तासातच कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही निघालं, आणि दुसऱ्या तासात गोळ्यांच्या डब्या. कुणाची बी.पी.ची, कुणाची साखरेची. एकाने तर दोघांच्या गोळ्या अदलाबदल करून ठेवल्या होत्या. वेळीच लक्षात आलं, नाहीतर हा वृत्तांत वेगळाच झाला असता.

मेट्टुपाळयमहून उटीला जाणारी ती छोटी गाडी सकाळी सात-दहाला सुटते. तिची तिकिटं दोन महिने आधी काढली होती. 46 किलोमीटर अंतर, आणि चढायला जवळजवळ पाच तास! 16 बोगदे आणि अडीचशे पूल. कल्लारपासून कुन्नूरपर्यंत दोन रुळांच्या मध्ये दातांची पट्टी आहे. इंजिनाखालचं दातेरी चाक त्या दातांत अडकत अडकत वर चढतं. बारा फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा तो चढ. आणि इंजिन पुढे नसतं, मागून ढकलत असतं. हे आम्हाला आमच्या ड्रायव्हर मित्राने समजावून सांगितलं.

आता हा ड्रायव्हर मित्र. तो आमच्याच वर्गातला, एस.टी.त चालक आहे. आज इथे तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याने परवानगी देताना दोन अटी घातल्यात. नाव घ्यायचं नाही, आणि रडायचं नाही. पहिली पाळतो.

त्या गाडीत प्रत्येक डब्याच्या पुढच्या टोकाला एक ब्रेकवाला उभा असतो. बाकीचे आम्ही दऱ्या आणि चहाचे मळे बघत होतो, फोटो काढत होतो, आणि हा त्या ब्रेकवाल्याच्या हाताकडे बघत होता. मध्ये गाडी पाणी भरायला थांबली, तिथे माकडांनी एकीच्या हातातला बिस्किटाचा पुडा नेला. त्या धांदलीतही हा इंजिनापाशीच. कुन्नूरला वाफेचं इंजिन काढून डिझेलचं लावलं तेव्हा म्हणाला, "आता मजा संपली." ही वाट कुन्नूरपर्यंत 1899 साली सुरू झाली आणि उटीपर्यंत 1908 साली. म्हणजे आपल्या शाळेच्या भिंती उभ्या राहायच्या आधीपासून ते दात झिजतायत.

उटीबद्दल फार सांगत नाही. आपल्यापैकी अर्ध्यांनी हनिमूनला पाहिलंय आणि उरलेल्यांनी हिंदी सिनेमात. दोड्डबेट्टावर, म्हणजे 2637 मीटरवर, धुक्याशिवाय काही दिसलं नाही. तिथून उतरताना ड्रायव्हर मित्राने नीलगिरी तेलाची एक छोटी बाटली घेतली. मी विचारलं, सर्दी झालीय का? तो नुसता हसला. त्याचं कारण मला दोन दिवसांनी कळलं.

पुढचा प्रवास टेम्पो ट्रॅव्हलरने. चालक कोइंबतूरचा, त्याला तमिळखेरीज दहा-बारा इंग्रजी शब्द येत. आमच्या मित्राला तमिळ शून्य. तरी तो पहिल्या दिवसापासून त्याच्या शेजारी बसला, आणि दोघं दिवसभर बोलत होते! हाताने गिअर दाखवायचे, तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचे. पळणीहून कोडाईकनालला चढणारा जो घाट आहे, तिथे एका वळणावर समोरून लाकडाचा ट्रक आला. आपल्या मित्राने नुसता उजवा हात खाली दाबला, आणि त्या चालकाने गाडी तिथेच थांबवून ट्रकला वाट दिली. मागे बसलेल्या आम्हाला काही कळलंच नाही, दोघांनी मात्र एकमेकांकडे बघून मान हलवली.

पळणीला मुरुगनाचं देऊळ डोंगरावर आहे, सातशेच्या आसपास पायऱ्या. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय. आपल्याकडे बायका त्याच्या दर्शनाला जात नाहीत म्हणतात, तिथे बायकांचीच गर्दी जास्त. आमच्या सहाही जणी पायऱ्यांनी गेल्या. गुडघ्यांची सबब सांगून रुळावरून वर जाणाऱ्या विंचमध्ये बसलो ते आम्ही पाच पुरुष. पंचामृत मात्र सगळ्यांनी सारखंच खाल्लं. आपल्यासारखं दूध-दह्याचं पातळ नाही, केळं, गूळ, तूप, मध, वेलची यांचं घट्ट, मुरांब्यासारखं. डबा आणलाय, ऑफिसात ठेवलाय, इच्छुकांनी चमचा आणावा.

आता कोडाईकनाल. हे सांगायचं की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. तोच म्हणाला, सांग.

सहलीची वर्गणी माणशी 24,500 रुपये होती. याने कळवलं होतं की मला जमणार नाही, पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. तेव्हा आम्ही काही जणांनी ठरवलं की याला सांगायचं, ग्रुप बुकिंगमुळे दर कमी झालाय, 15,000 भर. त्याने भरले. उरलेले 9,500 आम्ही सोळा जणांनी वाटून घेतले, माणशी 594. चार रुपये जास्त झाले, ते माझ्याकडे आहेत. आम्हाला वाटलं, केवढं चांगलं काम केलं. मला तर रात्री झोप छान लागली.

कोडाईकनालच्या लॉजवर तो आणि मी एका खोलीत होतो. मी आंघोळीला गेलो, वही पलंगावर उघडी. त्याला हव्या होत्या काड्यापेटी आणि कासवछाप. वही वाचायची म्हणून त्याने वाचली नाही, हे मी आजही शपथेवर सांगतो. पण एस.टी.वाल्याला नावं आणि आकडे असलेला कागद दिसला की नजर जातेच.

रात्री तो काही बोलला नाही. सकाळी उठलो तर पलंग रिकामा, पिशवी नाही. तळ्यावर बघितलं, त्या ताऱ्याच्या आकाराच्या तळ्याला पाच किलोमीटरचा फेरा आहे, दोघांनी तो पालथा घातला. मी बसस्टँडवर गेलो. तिथे हा एका बाकड्यावर बसलेला, मफलर गुंडाळून. समोर पाच-सहा गाड्या, सगळ्यांच्या पाट्या तमिळमध्ये. मला बघून म्हणाला, "तीस वर्षं लोकांना गाडी दाखवली. आज माझीच गाडी मला कळंना."

मी शेजारी बसलो. काय बोलावं सुचेना. मी म्हणालो, अरे, आम्ही प्रेमाने केलं. तो म्हणाला, "म्हाईतंय." मग बराच वेळ गप्प. मग त्याने 1983 सालची गोष्ट सांगितली.

तुम्हाला आठवत असेल, दहावीच्या डिसेंबरात आपली म्हैसूर-उटीची सहल गेली होती, वर्गणी 185 रुपये. हा आला नव्हता. ताप आला म्हणून सांगितलं होतं. मी उटीहून येताना त्याच्यासाठी नीलगिरी तेलाची बाटली आणली होती, तापावर चांगली म्हणून. मला ती कधीच विसरायला झाली होती. ताप वगैरे काही नव्हता. आपले सर, ते आज हयात नाहीत, त्याच्या वस्तीवर सायकलने गेले होते. म्हणाले, मी पैसे भरतो, तू कमवायला लागलास की दे. चालेल का? याने बापाकडे बघितलं, शेतात ज्वारी उभी, बाप एकटा. आणि सरांना नाही म्हणाला. सरांनी ही गोष्ट शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही.

"सरांनी मला इचारलं व्हतं," तो म्हणाला. "मी न्हाई म्हनालो, पर इचारलं व्हतं. तुम्ही सोळा जनांनी एकमेकांना इचारलं. मला सोडून."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मी चहा आणला. तिथे चहाही छान मिळतो, पण त्या दिवशी तो कसा होता आठवत नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "वहीत लिही. साडेनऊ हजार उसने. म्हैन्याला पाचशे." मी म्हणालो, लिहितो. म्हणाला, "आत्ता लिही." वही लॉजवर होती. आम्ही दोघं चालत लॉजवर गेलो, आणि त्याने समोर उभं राहून लिहून घेतलं, खाली सही केली. मग म्हणाला, आता नाश्त्याला काय आहे?

नाश्त्याला पोंगल होतं. सगळे जण ताटात बघून खात होते.

त्या दिवशी दुपारी आम्हाला कुणीतरी नीलकुरिंजीबद्दल सांगितलं. या डोंगरांवर ते झुडूप बारा वर्षांतून एकदाच फुलतं आणि डोंगर निळे होतात. मागचा बहर 2018 चा. पुढचा 2030 ला. आम्ही सगळ्यांनी बोटांवर मोजलं. बासष्टचे असू. आधीचे बहर 1982, 1994, 2006. प्रत्येक वेळी आपण दुसरीकडेच कुठेतरी गुंतलेलो.

मदुराईबद्दल एवढंच सांगतो की मीनाक्षीच्या देवळात मोबाईल नेऊ देत नाहीत, आणि त्यामुळे आमच्या ग्रुपवर त्या संध्याकाळचा एकही फोटो नाही. हजारखांबी मंडपात खांब 985 आहेत, एकाने मोजायला घेतले आणि साठाच्या पुढे सोडून दिले. रात्री देऊळ बंद होताना सुंदरेश्वराला पालखीतून मीनाक्षीच्या शेजघरात नेतात. हे दररोज. पालखी आमच्या हातभर अंतरावरून गेली. आमच्यातल्या एका मैत्रिणीचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेलेत. ती नंतर बराच वेळ तळ्याच्या पायरीवर बसून होती, आणि बाकीच्या पाच जणी तिच्या भोवती, काही न बोलता.

रामेश्वरला बावीस तीर्थांचं स्नान केलं. बावीस विहिरी, प्रत्येकीवर माणूस उभा, बादली ओढून डोक्यावर ओततो. दहाव्या विहिरीनंतर दात वाजायला लागतात. एकीने समुद्रातली वाळू बांधून घेतली. ती प्रयागला गंगेत सोडायची आणि तिथलं पाणी परत रामेश्वराला वाहायचं, ही आपल्या आजी-पणजीची रीत. तिच्या आजीचं अर्धंच राहिलं होतं म्हणे.

आणि तंजावर. बृहदीश्वराचं ते सुमारे 216 फुटी शिखर, राजराज चोळाने 1010 च्या सुमाराला पुरं केलेलं, त्याच्यासमोर उभं राहिलं की तोंड आपोआप बंद होतं. पण आमचा जीव अडकला तो आवाराच्या भिंतीत. तिथे दगडावर मराठी आहे! भोसल्यांची बखर, सरफोजी राजांनी 1803 साली चिटणिसाकडून लिहवून कोरून घेतलेली, भिंतीवर ओळीमागून ओळी. आठ दिवस पाट्या वाचता येत नव्हत्या, आणि एकदम वाचता यायला लागलं. आमच्या मराठीच्या बाई चष्मा पुसून मोठ्याने वाचायला लागल्या. अडखळत, शब्द तोडत. त्यांच्या मागे आमचा ड्रायव्हर मित्र बोट अक्षरांखालून सरकवत चालला होता, पहिलीतल्या मुलासारखं. म्हणाला, "ही पाटी मला कळती."

तिथे एक वयस्कर गृहस्थ आमचं ऐकून थांबले. तंजावरचेच. त्यांच्या घरात साडेतीनशे वर्षं मराठी बोलतात. व्यंकोजीराजांच्या वेळी आलेले. त्यांचे काही शब्द माझ्या आजीचे होते, काही कळलेच नाहीत. कुठून आलात म्हणून त्यांनी विचारलं. आम्ही गावाचं नाव सांगितलं, तर त्यांनी ते कधी ऐकलंही नव्हतं. तरी निरोप घेताना म्हणाले, घरी गेल्यावर सगळ्यांना सांगा.

सांगितलं.

आता हिशेब. मार्चपासून दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या फोनवर 500 रुपये येतात. सोबत फक्त "हप्ता" असा शब्द. काहींचं म्हणणं होतं की ते पैसे शाळेच्या ग्रंथालयाला देऊ. तो म्हणाला, ते माझे आहेत का दान करायला? ज्याचे त्याला दे. म्हणून दर महिन्याला मी सोळा जणांना, म्हणजे पंधरा जणांना आणि स्वतःला, 31 रुपये 25 पैसे पाठवतो. आमचा अमेरिकेतला मित्र इथल्या त्याच्या खात्यावर ते आल्याचं बघून घाबरला होता, कुणीतरी खातं हॅक केलं म्हणून. आता ते आले नाहीत तर फोन करतो. आजवर दहा हप्ते आलेत. नऊ बाकी. पुढच्या सप्टेंबरात पुरे.

त्यानंतर ऑक्टोबर 2025 पासून भिशी सुरू होते, 2030 च्या कुरिंजीसाठी. महिन्याला 500, ऑगस्ट 2030 पर्यंत माणशी 29,500. ही कल्पना माझी नाही, तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांची आहे. इतर तुकड्यांतल्या कुणाला यायचं असेल तर जेवणानंतर मी दारापाशी वही घेऊन बसतो. नाव स्वतःच्या हाताने लिहायचं. रक्कम सगळ्यांना सारखी, आणि कुणाला जमत नसेल तर त्याने मला येऊन सांगावं. मी विचारीनच.