हुक्क्याचा गोड धूर आणि आपली मुले

(लातूर येथे मंडळीचे सभासद, पालक आणि तरुण संघ यांच्या एकत्रित सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत मी किनवट आणि माहूर तालुक्यांतल्या कामाचा वृत्तांत सांगतो. किती पाड्यांवर गेलो, किती मुले शाळेत टिकली, क्षयाचे किती रुग्ण औषध पूर्ण घेऊन बरे झाले. तो वृत्तांत छापील स्वरूपात तुमच्या हातात आहेच. आज मी तुमच्याच शहरातला विषय घेऊन आलो आहे. कारण ज्या गोंड, कोलाम आणि आंध मुलांसाठी तुम्ही प्रार्थना करता, वर्गणी देता, त्यांतली मोठी मुले आता पाड्यावर नाहीत. बारावीसाठी, नीटच्या शिकवणीसाठी ती लातूरला आणि नांदेडला खोल्या करून राहतात. तुमच्या गल्लीत राहतात. आणि इथे त्यांना हुक्का भेटतो.

तंबाखू म्हटले की आपल्याकडे डोळ्यांपुढे चुन्याची डबी येते. ते साहजिक आहे. 2016-17 च्या देशव्यापी सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 15 वर्षांवरचे 26.6 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात ओढणारे फक्त 3.8 टक्के, खाणारे, लावणारे, चघळणारे 24.4 टक्के. म्हणजे आपला तंबाखू गालात आणि दातांवर असतो. त्यामुळे काचेच्या सुंदर भांड्यातून गुलाबाचा किंवा पुदिन्याचा वास आला, तर हाही तंबाखूच आहे असे कुणाच्या मनात येत नाही. ज्या आयांनी मुलाला शपथ घालून पाठवले की बिडीला हात लावू नको, त्यांच्या शपथेत हुक्का नव्हता.

तर आधी ते भांडे समजून घेऊ. वरच्या चिलमीत जो चिकट, गोड वासाचा माल भरतात, तो बहुतेक वेळा तंबाखूच असतो. त्याला काकवी किंवा मध, ग्लिसरीन आणि फळांचा अर्क लावलेला असतो. त्यावर जळता कोळसा. ओढले की धूर नळीतून पाण्यात येतो आणि पाण्यातून तोंडात. मुलांचा सगळा भरवसा त्या पाण्यावर. पाणी धूर थंड करते, एवढेच त्याचे काम. थंड झाल्यामुळे घसा जळत नाही, म्हणून झुरका लांब आणि खोल जातो. निकोटीन, डांबर आणि जड धातूंचे कण पाणी पूर्णपणे अडवून ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्येच सांगितले आहे की तासाभराच्या एका बैठकीत एका सिगारेटच्या 100 ते 200 पट धूर आत ओढला जातो. मुले लगेच म्हणतात, मग काय आम्ही दोनशे सिगारेटी प्यालो? तसे नाही. हा हिशेब धुराच्या आकारमानाचा आहे, प्रत्येक विषाचा नाही. पण तेवढा धूर छातीत गेला हे खरे, आणि तो निरुपद्रवी नाही हेही खरे.

सगळ्यात घातक भाग कोळशाचा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. थंडीत दार-खिडकी लावून शेगडी पेटवून झोपू नये, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना शाळेत न जाताही माहीत असते. कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. हुक्क्यात तीच शेगडी आपण तोंडाला लावतो. ‘डोके हलके होते, मस्त वाटते’ असे मुले सांगतात, त्यातला बराच भाग डोक्याला प्राणवायू कमी पडल्याचा असतो. आणि ‘आमचा हर्बल आहे, तंबाखू नाही’ म्हणणाऱ्यांचाही कोळसा तोच असतो.

आमच्या कामातल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही, तो याच शहरात शिकतो आहे. कोलाम पोडावरचा, घरातला पहिला बारावी पास. वडील बिडी ओढतात, म्हणून याने ठरवून कधी बिडी ओढली नाही. एका वाढदिवसाला मित्रांनी एका फ्लॅटवर नेले. मध्ये हुक्का, भोवती सात-आठ जण, गाणी. पाड्यावरून आलेल्या मुलाला शहरातल्या मुलांनी पहिल्यांदाच आपल्यात बसवले होते. नळी त्याच्याकडे आली. तो मला म्हणाला, “सर, नाही म्हटलं असतं तर परत कोण बोलावलं असतं?” पुढे दर शनिवारी वर्गणी. ती मेसच्या पैशांतून. काही आठवड्यांनी एका रात्री जिना उतरताना तो चक्कर येऊन पडला, उलट्या झाल्या. खोलीची खिडकी बंद होती, कारण धुराचा वास बाहेर जायला नको होता. मित्र घाबरले, पण दवाखान्यात नेले तर विचारतील म्हणून त्याला गच्चीवर नेऊन बसवले. नशिबाने मोकळ्या हवेत तो सावरला. अशा वेळी मोकळ्या हवेत न्या हे बरोबर आहे, पण तिथेच थांबू नका. डोके दुखते, उलटी होते, माणूस गुंगल्यासारखा बोलतो, तर ताबडतोब दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना हुक्का ओढला होता हे स्पष्ट सांगा. लपवलेत तर डॉक्टर भलत्याच आजाराच्या मागे लागतील.

त्या मुलाचे वाक्य मी विसरू शकत नाही. तो धुरासाठी गेला नव्हता, तो माणसांसाठी गेला होता. हे आपण समजून घेतले नाही, तर आपले सगळे उपदेश वाया जातील.

कायदा आहे का? आहे, आणि कडक आहे. 28-29 डिसेंबर 2017 च्या रात्री मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून 14 जण मेले. हुक्क्याच्या निखाऱ्यांच्या ठिणग्यांनी आग लागली, असे अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आले. त्यानंतर 2018 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते एक लाख रुपये दंड. 2024 मध्ये शेजारच्या तेलंगणानेही आणि कर्नाटकानेही बंदी आणली, तेव्हा देगलूर-उदगीरकडून सीमा ओलांडून जाण्यातही अर्थ उरला नाही. पण पार्लर बंद झाले की हुक्का भाड्याच्या खोलीत येतो, आणि खोली पार्लरपेक्षा जास्त कोंदट असते. बंदीचा इतिहासही आपल्या भागाला नवा नाही. 1604-05 च्या सुमारास असद बेग नावाच्या दरबाऱ्याने विजापूरहून तंबाखू नेऊन अकबर बादशहापुढे ठेवला. वैद्याने तेव्हाच हरकत घेतली. जहांगिराने 1617 मध्ये मनाई केली. विजापूर इथून काही फार दूर नाही. हुकूम निघत आले आणि चिलीमही फिरत आली.

मग काय चालते? नांदेडकरांकडे पाहा. गुरू गोविंदसिंगजींनी 1708 मध्ये जिथे देह ठेवला त्या शहरात तुम्ही राहता. खालशाच्या आचारात तंबाखू वर्ज्य आहे. म्हणून शीख मित्राला टपरीवर ‘एक घे रे’ असा आग्रह सहसा कुणी करत नाही. त्याला एकट्याला नकार द्यावा लागत नाही, त्याच्या वतीने सगळा समाज आधीच नाही म्हणून बसलेला असतो. आपल्या मुलांना असा आधार आहे का? मला एका ज्येष्ठ बंधूंनी सांगितले होते की दहा आज्ञांत तंबाखू नाही. खरे आहे, नाही. पण उपासना संपल्याबरोबर आवाराच्या भिंतीमागे डबी निघते ती तरुण संघाची मुले पाहत असतात, एवढेच मी नम्रपणे म्हणतो.

पाड्यावरची गोष्ट थोडी वेगळी आहे, तीही ऐका. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून जो पैसा मिळतो, त्यावर पेरणीच्या आधीचे दिवस निघतात. ज्या पानाची बिडी होते तेच पान घराला हातभार लावते. त्यामुळे तिथे जाऊन बिडीला शिव्या देणे मला जमत नाही आणि पटतही नाही. मात्र ओढणाऱ्याला क्षय होण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या दोन ते अडीच पट असतो, हे आम्ही प्रत्येक पोडावर सांगतो. कोंदट खोलीत खोकणाऱ्या माणसाच्या मांडीला मांडी लावून तीच नळी तोंडात घेणाऱ्या शहरी मुलांनीही ते ऐकावे. भगिनींनो, मिश्रीही तंबाखूच आहे. तव्यावर भाजल्याने तो शुद्ध होत नाही. गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचे होण्याची भीती असते.

आता सगळ्यांनी एक करा. तीन बोटे जोडून उभी धरा आणि उघड्या तोंडात दातांमध्ये घालून पाहा. गेली? ज्यांची जात नाहीत आणि जे गुटखा, खर्रा, सुपारी खातात, त्यांनी याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तरीही. गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी आहे. गालातल्या सुपारीला ते कळलेले दिसत नाही. आणि तंबाखू सोडून नुसत्या सुपारीवर येणे ही सुटका नव्हे, सुपारीही कर्करोग करते.

सोडायचे कसे, ते सांगतो. तारीख ठरवा, फार लांबची नको. घरात एकाला आणि मित्रांत एकाला ती तारीख सांगा. डबी, लायटर, नळी घराबाहेर काढा. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. चिडचिड होते, झोप येत नाही, डोके धरते. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. तलफ आली की ती काही मिनिटेच जोरात असते. तेवढ्यात पाणी प्या, चालायला लागा, कुणाला तरी फोन करा. निकोटीनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते, पण ते सतत चावायचे नसते. थोडे चावून गालात धरायचे असते. गरोदर बाई, हृदयाचा रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सरकारचा मोफत क्रमांक आहे, 1800-11-2356. लिहून घ्या. तिथे समुपदेशक बोलतात, रागावत नाहीत.

पुन्हा लागली तर? लागते. पुष्कळांना दोन-तीनदा सोडावी लागते. त्या दिवशी त्याला ‘बघ, तुझ्याने होणार नाही’ म्हणू नका. नवी तारीख विचारा.

तो जिन्यात पडलेला मुलगा एकटा सोडू शकला नसता. त्याच्या खोलीतला जोडीदारही त्या बैठकीत असायचा, दोघांनी मिळून सोडले. शनिवारी संध्याकाळी ते इथल्या एका कुटुंबाकडे जेवायला जातात. त्या घरी फार काही विशेष नसते, भाकरी, पिठले आणि त्या काकांच्या बुद्धिबळाच्या गप्पा. पण शनिवार भरतो.

म्हणून आज मी पैसे मागत नाही. लातूर आणि नांदेड मिळून आपल्या कामातली अशी बरीच मुले-मुली खोल्यांवर राहतात. मला शनिवारची घरे हवी आहेत. महिन्यातून दोन शनिवार, दोन मुले, साधे जेवण. आणि ज्यांनी स्वतः तंबाखू सोडला आहे असे काही बंधुभगिनी हवे आहेत, जे सोडणाऱ्याला पहिले तीन आठवडे रोज संध्याकाळी एक फोन करतील. चहाच्या वेळी महिला मंडळाच्या चिटणीस ताई दाराजवळ वही घेऊन बसतील. नाव, गल्ली आणि कोणता शनिवार जमेल तेवढे लिहा. नांदेडच्या मंडळीसाठी वेगळे पान ठेवले आहे.